दऱ्या, दर्या आणि काळी खिडकी

आमच्या डोंगरभटक्यांच्या मंडळानं साइटसाठी मराठीत डोमेन नाव घ्यायचं ठरवलं. मंडळात संगणकाचं काम करणारी मी एकटीच, त्यामुळे ते माझ्याच गळ्यात पडलं. नाव ठरलं 'दऱ्याखोऱ्या'. नाव मिळालं, साइट उभी राहिली आणि चौथ्याच दिवशी आप्पांचा फोन आला. आप्पा आमचे चिटणीस. सत्तरी ओलांडली आहे, पण हरिश्चंद्रगडावर अजून आमच्या पुढे असतात.

"अगं, मी ग्रुपवर पत्ता टाकला. काही जणांना साइट उघडते, काही जणांना म्हणे असं काही नाहीच. बघतेस का जरा?"

त्या 'जरा'मध्ये माझे दोन रविवार गेले. तेव्हापासून दोन मराठी डोमेन नावं एकमेकांशी ताडून पाहायचं काम माझ्याकडे येतच राहिलं. आधी मंडळाचं, मग ऑफिसातलं, मग ओळखीच्या दुकानदारांचं. हे सगळं मी टर्मिनलमध्ये करते, आमच्या घरच्या भाषेत 'काळ्या खिडकीत'. तिथे ठेचा खात जे शिकले, ते इथे मांडते आहे.

१. डोळ्यांची साक्ष धरू नका

आप्पांचा संदेश आणि माझ्याकडची नोंद मी एकाखाली एक ठेवली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. नवऱ्याला दाखवलं, तोही म्हणाला, "एकच तर आहे." मग दोन्ही शब्द बाइट उलगडून दाखवणाऱ्या कमांडला, म्हणजे एक्सएक्सडीला दिले आणि चित्र पालटलं.

'दऱ्या'तला तो पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. युनिकोडची शिफारस हीच आहे. दुसरी रीत म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडक टाकायचा. छापून फरक दाखवावा म्हटलं तर पंचाईतच आहे: दऱ्या आणि दर्‍या. सांगा बरं, कुठला कोणता?

बाइटांत मात्र गोंधळ नाही. माझ्या नोंदीत ई०, ए४, बी१ हे ऱ चे तीन बाइट होते. आप्पांच्या नोंदीत बी१ च्या जागी बी० होतं, म्हणजे साधा र, आणि पाय मोडल्यावर ई२, ८०, ८डी असे तीन बाइट जास्तीचे. तोच तो जोडक. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. तिथे र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो. आप्पांच्या फोनवरचा कळफलक उच्चारावरून लिहिणारा होता, त्यानं दुसरी रीत निवडली होती. चूक दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

२. नावाची गाठ घ्यायची तर त्याच्या खऱ्या रूपात

डोमेन नावांची यंत्रणा १९८३ ची. तिथे यजमान नावांना रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालत आलं आहे. त्या रुळांवरून देवनागरी धावावी म्हणून २००३ मध्ये प्युनीकोड नावाची पद्धत ठरली. आपण लिहिलेला मराठी शब्द आत जाताना रोमन अक्षर-अंकांच्या ओळीत बदलतो, आणि तो बदललेला आहे हे कळावं म्हणून त्याच्यापुढे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघा लागतात. यंत्रणेला ठाऊक असतं ते हेच नाव. आपण वाचतो ती नुसती पाटी.

म्हणून मी नुसता 'दऱ्या' हा शब्द घेऊन आयडीएन-टू या कमांडला तीन रूपं दिली. पुढची 'एक्सएन'ची खूण सोडून उत्तरं अशी आली.

दर्या, म्हणजे समुद्र: जे२बीएस सी१डीडब्ल्यू डी.

दऱ्या, माझ्या रीतीनं: जे२बीएस एफ७सीझेड डी.

दऱ्या, आप्पांच्या रीतीनं: जे२बीएस सी१डीडब्ल्यू डी, आणि त्यापुढे डब्ल्यू२५पी.

मधल्या मोकळ्या जागा वाचायला सोपं जावं म्हणून मी सोडल्या आहेत. पहिल्या दोन ओळी प्रत्येकी नऊ चिन्हांच्या. सुरुवात तीच, शेवट तोच, मधली चार चिन्हं वेगळी. घाईत नजर फिरवली तर इथेही फसायला होतं, म्हणून ही तुलनाही डोळ्यांनी न करता यंत्राकडूनच करून घ्यावी. पण खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. आप्पांच्या दऱ्या म्हणजे चार चिन्हांचं शेपूट लावलेला समुद्र होता!

३. प्युनीकोड डावीकडून उजवीकडे वाचता येत नाही

सुरुवातीला मला वाटायचं, अमुक अक्षर म्हणजे अमुक चिन्ह अशी काहीतरी बाराखडी असेल आणि सरावानं ती वाचता येईल. तसं नसतं. प्युनीकोड अक्षरं शब्दातल्या क्रमानं घेत नाही. युनिकोडमधला ज्याचा क्रमांक लहान ते अक्षर आधी, आणि प्रत्येक अक्षराबरोबर ते कुठे घुसवायचं याचा हिशेब.

आपल्या देशाच्या नावावरूनच पाहा. पत्त्याच्या टोकाला येणारं देवनागरीतलं .भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालं. त्याचं आतलं रूप एच२बीआरजे९सी. यात सर्वांत आधी नोंदला जातो तो शेवटचा त, मग भ, मग र आणि सर्वांत शेवटी काना. संताळीसाठी .भारोत आहे. त्याचं रूप एच२बीआरजे९सी८सी, म्हणजे 'भारत'च्या पुढे दोन चिन्हं. ओ ची मात्रा शब्दाच्या मध्ये असली तरी तिचा क्रमांक या सगळ्यांत मोठा, म्हणून ती शेपटीला गेली. याउलट संस्कृतसाठीचं .भारतम् घ्या. त्यात म शब्दाच्या अखेरीकडे आहे, पण क्रमांकानं तो भ आणि र यांच्यामध्ये येतो. त्यामुळे एच२बीआर एवढं जुळतं आणि पुढचं सगळं बदलून ईजी३ईव्हीई होतं.

तात्पर्य, दोन प्युनीकोड ओळी कितपत मिळत्याजुळत्या आहेत यावरून मूळ शब्द किती जवळचे हे ठरवायला जाऊ नका. समान किंवा असमान, एवढंच तिथे विचारायचं. जवळीक मोजायची असेल तर नाव परत देवनागरीत आणून मोजायची.

४. कमांड कोणत्या वर्षाच्या नियमानं चालते, ते आधी विचारा

आप्पांचा संदेश मी दोन ब्राउझरांत चिकटवला आणि यंत्रातून बाहेर पडणारी विचारणा पाहत बसले. एक ब्राउझर शेपटासह नाव शोधत होता, दुसरा शेपूट छाटून. म्हणजे एकाच संदेशातून दोन वेगळे पत्ते निघत होते, आणि दोन्ही आमचे नव्हते. ज्यांना साइट उघडली त्यांनी आप्पांचा संदेश सोडून माझा आधीचा संदेश दाबला होता, एवढंच.

याचं मूळ दोन नियमावल्यांत आहे. २००३ च्या नियमावलीत असे अदृश्य जोडक निरर्थक समजून गाळून टाकले जात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पण २००८ च्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीनं त्यांना जागा दिली. मात्र अट अशी की जोडक पाय मोडलेल्या अक्षरामागोमाग आला पाहिजे. काळ्या खिडकीतही हेच दिसतं. आयडीएन ही जुनी कमांड २००३ च्या वळणाची, तर आयडीएन-टू नव्या वळणाची. जुन्या कमांडला आप्पांच्या दऱ्या दिल्या की ती शांतपणे 'दर्या'चं उत्तर देते. इशारा नाही, तक्रार नाही.

जर्मन लोकांनी हाच ताप भोगला आहे. त्यांचं 'एस्त्सेट' हे अक्षर जुन्या नियमात दोन एस होऊन जाई. नव्या नियमात ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं, आणि एकाच शब्दाचे दोन पत्ते झाले. आपल्याकडे नुकसान अर्थाचंच होतं. आचाऱ्यांना पाठवलेलं आमंत्रण आचार्यांना पोचलं तर पंगतीचं काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून मी आता दोन्ही कमांडांना तेच नाव देते. उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर त्या नावात काहीतरी दडलं आहे, एवढं पक्कं. दोन साक्षीदारांचे जबाब वेगळे आले की पोलीस जसे कान टवकारतात, तसं.

५. प्रमाणीकरण करा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका

युनिकोडमध्ये काही अक्षरं जोडूनही लिहिता येतात आणि तयारही मिळतात. र खाली नुक्ता दिला तर ऱ होतो, आणि ऱ तयारही आहे. दोन्ही रूपं एका साच्यात आणण्याला प्रमाणीकरण म्हणतात. तुलनेआधी ते करायलाच हवं. आयसीयू या युनिकोडच्या साधनसंचाबरोबर येणारी यूकॉन्व्ह ही कमांड ते करून देते.

पण मराठीचे खरे गुंते या चाळणीतून गळत नाहीत. ऱ चे पाय मोडलेले दोन प्रकार प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहतात. 'ॲप' घ्या. त्यातला ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन अॅ लिहीत होते, आणि ते आजही तसंच लिहितात. हिंदीच्या कळफलकावरून ऍ येतो तो तिसराच. प्रमाणीकरणाच्या दृष्टीनं ही तीन वेगळी अक्षरं आहेत. वाचणारा मात्र तिन्ही 'ॲप' असंच वाचतो.

त्याहून नाजूक शब्द 'बँक'. कोणी ब वर चंद्रबिंदू देतं, तर कोणी आधी चंद्र आणि मग अनुस्वार देऊन 'बॅंक' लिहितं. बऱ्याच फॉण्टांत दोन्ही हुबेहूब दिसतात. हा शब्द पैशाच्या व्यवहारात येतो, एवढं सांगितलं तरी पुरे. ओळखीच्या एका पतपेढीला मी दोन्ही रूपं काढून दाखवली, तेव्हा त्यांचे व्यवस्थापक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

६. आधी स्वतःच्या फाइलीवर संशय घ्या

एकदा दोनशे नावांची यादी ताडत होते. बाकी सगळी जुळली, पण पहिलंच नाव जुळेना. यादी बदलली, तरी पहिलंच. तासाभरानं उमगलं. फाइल विंडोजवरच्या एका संपादकात साठवली होती आणि त्यानं फाइलीच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ अशी तीन बाइटांची अदृश्य खूण चिकटवली होती. ती पहिल्या नावाला लटकून आत जात होती.

तशीच गत ओळीच्या शेवटची. विंडोजच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकाला एक जादा चिन्ह असतं, आणि एको कमांड स्वतःहून एक नवी ओळ जोडते. आता तुलनेआधी अशी सगळी झाडलोट मी ठरवून करते. घर झाडल्याशिवाय हरवलेली सुई शोधू नये, असं आजी म्हणायची.

७. पडद्यावर एक, फाइलीत दुसरं

नाव अस्तित्वात आहे का हे विचारायला मी डिग वापरते. तिची एक खोड ठाऊक हवी. उत्तर पडद्यावर दाखवायचं असेल तर ती प्युनीकोडचं देवनागरी करून दाखवते. तेच उत्तर फाइलीत किंवा दुसऱ्या कमांडकडे वळवलं तर प्युनीकोड तसंच ठेवते. मी पडद्यावरून उतरवून घेतलेली यादी आणि फाइलीत पडलेली यादी डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडला दिली. एकही ओळ जुळली नाही. त्या संध्याकाळी नोंदणी करणाऱ्यांना मी एक तिखट मेल लिहिला. सुदैवानं तो पाठवण्याआधी चहा प्यायला उठले.

कोणत्या रूपात उत्तर हवं ते डिगला स्पष्ट सांगता येतं. सांगावंच.

८. क्रमवारी लावणाऱ्यालाही मतं असतात

यादीतून दुबार नावं काढायला सॉर्ट ही सगळ्यांची आवडती कमांड. पण ती यंत्रावर लावलेल्या भाषेच्या नियमांनी तुलना करते, आणि भाषेच्या क्रमवारीत अदृश्य जोडकाला वजन नसतं. माझ्या तेव्हाच्या जुन्या यंत्रावर तिनं जोडक असलेलं आणि नसलेलं नाव एकच मानून एक गाळून टाकलं. जे सापडायला हवं होतं नेमकं तेच नाहीसं झालं. एलसी-ऑल या मूल्याला नुसता 'सी' दिला, की ती भाषा विसरून बाइट मोजते. नावांच्या कामात ती निरक्षर राहिलेलीच बरी.

९. उलटी फेरी मारून बघा

प्युनीकोडवरून देवनागरी करा आणि त्या देवनागरीवरून पुन्हा प्युनीकोड. सुरुवातीचीच ओळ परत आली पाहिजे. 'एक्सएन'नं सुरू होणारी प्रत्येक ओळ खरं नाव असतेच असं नाही. काही ओळी उलगडत नाहीत, काही उलगडतात पण नियमात बसत नाहीत. फेरी पुरी न करणारं नाव मी यादीत घेत नाही.

याच फेरीत एकदा दंड सापडला. पत्त्यातल्या टिंबाऐवजी कोणीतरी '।' टाइप केला होता. इन्स्क्रिप्टवर टिंबाच्या कळीवर शिफ्ट दाबलं की तोच येतो. वाक्य संपवायला दंड चालतो, पण पत्त्याचे भाग पाडायला चालत नाही.

१०. 'सारखं' म्हणजे काय, हे कमांड ठरवत नाही

हा धडा सर्वांत उशिरा कळला. आधीचे सगळे याच्या पोटात आहेत.

मी तुलनेसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सुरुवातीला ती 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगायची. आप्पांना दाखवली, तर ते म्हणाले, "नाही म्हणजे काय? दिसायला तर तेच आहे की." यंत्राचं 'नाही' खरं होतं आणि आप्पांचं 'तेच' हेही खरं होतं. म्हणजे खोट माझ्या प्रश्नातच होती.

आता स्क्रिप्ट तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं देते. बाइट तेच आहेत का? यंत्रणेच्या लेखी नाव तेच आहे का? आणि माणसाच्या डोळ्याला तेच दिसतं का? पहिल्या दोहोंची उत्तरं कमांड देतात. तिसऱ्यासाठी युनिकोडनं चकवणाऱ्या चिन्हांची मोठी यादी केलेली आहे. ती मी घेतली, आणि ऱ, ॲ, बँक यांच्या मराठी जोड्या स्वतः तपासून लिहून काढल्या.

तिसरा प्रश्न किती महाग पडू शकतो हे जगानं पाहिलं आहे. २००२ मध्ये गॅब्रिलोविच आणि गोंटमाखर या दोन संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावात रशियन लिपीतली दोन अक्षरं घुसवून हुबेहूब दिसणारं नाव नोंदवून दाखवलं होतं. २०१७ मध्ये शूडाँग झेंग यानं ॲपलचं अख्खं नाव रशियन वळणाच्या अक्षरांत नोंदवलं, आणि त्या वेळचे काही ब्राउझर ते ॲपल म्हणूनच दाखवत होते. तिथे एका लिपीतली अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांचं सोंग घेत होती. आपला चकवा एकाच लिपीत, एकाच शब्दात आणि कोणाच्याही मनात कपट नसताना होतो.

दऱ्या आणि दर्या एक मानायचे का? दिसायला ते वेगळे आहेत आणि अर्थही वेगळा, तेव्हा नाही. ऱ च्या दोन रीती एक मानायच्या का? मराठी वाचणाऱ्यासाठी तो एकच शब्द आहे, तेव्हा हो. हे निवाडे कोणत्याही नियमावलीत तयार सापडले नाहीत. मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसानंच ते करायचे आहेत. आपण नाही केले तर ज्याला ऱ आणि र मधला फरक ठाऊक नाही असा कोणीतरी ते आपल्यासाठी करेल, आणि आपल्या दऱ्यांत समुद्र भरेल.

आमच्या मंडळापुरता उपाय साधा होता. आता पत्ता कोणी हातानं टाइप करत नाही. एकच तपासलेला दुवा सगळे पुढे पाठवतात, आणि पत्रकावर त्याचाच क्यूआर कोड छापतात. आप्पांच्या फोनवर मी नवा कळफलक बसवून दिला. त्यांनी तो दोन दिवसांत काढून टाकला.

तुम्हीही दुकानासाठी, संस्थेसाठी किंवा गावासाठी मराठी नाव घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एवढं करा. ते नाव घरातल्या तीन माणसांना त्यांच्या त्यांच्या फोनवर टाइप करायला सांगा आणि तिन्ही तुमच्याकडे मागवून घ्या. नावात ऱ्या, ऱ्हा, ॲ किंवा बँक यांपैकी काही असेल तर नक्कीच. काळी खिडकी येत असेल तर तिन्ही आयडीएन-टूला द्या, नसेल येत तर येणाऱ्या कोणाला तरी गाठा. तीन ओळी सारख्या आल्या तर नाव खुशाल घ्या. नाही आल्या तर एकतर नाव बदला, नाहीतर नियमात बसतील तेवढी सगळी रूपं घेऊन ठेवा.